मशीन हादरतंय? बेल्ट बदलण्याआधी आणि बदलताना

मशीन हादरायला लागलं की बहुतेक जण आधी त्याच्या पायाखाली लाकडाची चिप ठोकतात. त्याने भागलं नाही की रबराचे तुकडे येतात, मग जड फरशी. मशीन चार दिवस गप्प बसतं आणि पुन्हा सुरू होतं. हादरा जिथून निघतो तिथे हात घालायला कोणी तयार नसतं, कारण गार्डचे स्क्रू काढावे लागतात आणि आत भुसा आणि ग्रीस यांचा चिखल झालेला असतो. माझं काम छोट्या कारखान्यातली मशीनं दुरुस्त करण्याचं: टेबल सॉ, रंधा मशीन, ड्रिल मशीन, बेंच लेथ. या सगळ्यांत मोटर आणि स्पिंडल (पातं, ड्रिल किंवा जॉब फिरवणारा शाफ्ट) यांच्यामध्ये बेल्ट असतो. माझा पहिला संशय त्याच्यावर असतो, पण नवा बेल्ट आणायची घाई मी करत नाही. नवा बेल्ट घालूनही हादरा गेला नाही अशी तक्रार येते, तेव्हा खोट बहुतेक वेळा पुलीत किंवा तिच्या बसवण्यात निघते.

तेव्हा आधी हादऱ्याचं मूळ शोधू. या शोधाला पैसे लागत नाहीत, थोडा वेळ लागतो.

बेल्ट काढून मोटर एकटी चालवा

स्विच बंद करून भागत नाही. प्लग ओढून काढा आणि समोर दिसेल असा ठेवा. वायरिंग कायमची असेल तर आयसोलेटर (वीजपुरवठा तोडणारा स्विच) बंद करून त्याला कुलूप लावा आणि किल्ली खिशात ठेवा. सॉ असेल तर पातं आधीच उतरवा.

मग गार्ड उघडा, मोटरचे बोल्ट सैल करा, मोटर स्पिंडलच्या पुलीकडे सरकवा आणि बेल्ट उतरवा. मोटर पुन्हा जागेवर घट्ट करा, हात आणि कपडे लांब ठेवा आणि बेल्टशिवाय मोटर सुरू करा. टेबलावर एक नाणं काठावर उभं करून ठेवा. हाताला जे जाणवत नाही ते नाणं सांगतं.

मोटर एकटी चालताना मशीन शांत असेल तर मोटर निर्दोष, पुढे चला. हादरा तसाच असेल तर मोटरची पुली काढा आणि पुन्हा चालवून बघा. पुलीबरोबर शाफ्टवरची चावीही (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेला धातूचा तुकडा) काढायची, विसरायचं नाही. सुटी राहिलेली चावी मोटर सुरू होताच गोळीसारखी उडते. पुली काढल्यावर मोटर शांत झाली तर दोष पुलीचा. तरीही हादरत असेल तर मोटरचं बेअरिंग किंवा रोटरचा तोल बिघडलेला आहे, आणि मग जगातला कोणताही बेल्ट उपयोगाचा नाही.

प्लग पुन्हा काढा. आता स्पिंडल हाताने फिरवा. बेल्ट नसल्यामुळे बेअरिंगमधली खरखर, अडखळ बोटांना लगेच कळते. शाफ्ट धरून वर-खाली हलवून बघा, प्ले (ढिलेपणा) लागला तर आधी त्याचा बंदोबस्त करा.

ठोके मोजा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर मी ही ठेवायला सांगेन. फिरणारी प्रत्येक वस्तू आपापल्या वेगाने ठोका देते. तो वेग कळला की ठोका कोणाचा ते कळतं.

एक उदाहरण घेतो आणि पुढेही तेच वापरतो. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, तिची पुली ७५ मिमीची, स्पिंडलची १२५ मिमीची, दोन शाफ्टमधलं अंतर ३०० मिमी. मोटर सेकंदाला २४ फेरे घेते. स्पिंडलचे मिनिटाला ८६४ फेरे होतात, म्हणजे सेकंदाला चौदा-साडेचौदा. बेल्टची लांबी ९१६ मिमी निघते, कशी ते पुढे सांगतो. बेल्ट मिनिटाला साधारण ३३९ मीटर धावतो, म्हणजे त्याच्या ३७० फेऱ्या होतात. सेकंदाला सहा.

चोवीस ठोके मोजता येत नाहीत, ती सलग घरघर वाटते. सहा ठोके मात्र कानाला आणि तळहाताला सुटे सुटे कळतात: धब, धब, धब. मशीन बंद करताना वेग उतरत जातो तेव्हा ते आणखी स्पष्ट होतात. असा मोजता येणारा ठोका असेल तर बेल्टच दोषी धरा. घरघर असेल तर पुली, मोटर, स्पिंडल, पातं यांच्याकडे वळा.

लेथवर हीच गोष्ट जॉबवर, म्हणजे कापत असलेल्या तुकड्यावर, उमटलेली दिसते. स्पिंडलचा किंवा त्याच्या पुलीचा दोष प्रत्येक फेऱ्यात जॉबच्या त्याच जागी येतो. बेल्टच्या फेरीचा आणि स्पिंडलच्या फेऱ्याचा मेळ नसतो. आपल्या उदाहरणात स्पिंडलच्या दर २.३ फेऱ्यांमागे बेल्टची एक फेरी होते, म्हणून खूण दरवेळी सरकते आणि बारीक फीडवर फिनिशमध्ये तिरक्या पट्ट्या दिसतात. पट्ट्या तिरक्या असतील तर मी हेडस्टॉक (लेथच्या स्पिंडलची पेटी) उघडायच्या आधी बेल्ट उतरवतो.

ड्रिल मशीनबद्दल एक सांगून टाकतो, कारण लोक तिथे फार फसतात. रिकामं चालताना येणारा खडखडाट बऱ्याचदा बेल्टचा नसतो. स्पिंडलच्या वरच्या टोकाचे खाचे आणि पुलीच्या आतली बाही यांच्यात जागा असते, ती वाजते. तिथे जाड ग्रीस भरून बघा. आवाज बसला तर बेल्टचा खर्च वाचला.

बेल्टला झालंय तरी काय

उतरवलेला बेल्ट टेबलावर कडेवर उभा करा. गोलसर उभा राहिला तर ठीक. दोन्ही टोकांना वाकलेलाच राहिला तर त्याला बाक बसला आहे. बरेच दिवस बंद राहिलेल्या मशीनवर बेल्ट पुलीभोवती वळलेल्या अवस्थेत ताठ होतो आणि चालताना प्रत्येक फेरीत ती वळलेली जागा पुलीवर आपटते. थोडा बाक मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर जातो. त्यानंतरही ठोका राहिला तर बेल्ट गेला.

मग व्हर्नियर घ्या आणि बेल्टची वरची रुंदी जागोजागी मोजा. हे फारसं कोणी करत नाही, पण यातच गोम आहे. व्ही बेल्ट खाचेच्या तळाला टेकत नाही, दोन तिरप्या बाजूंवर अडकून चालतो. खाचेचा कोन ३८ अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे बेल्टची रुंदी एखाद्या जागी अर्धा मिमी वाढली तर ती जागा खाचेत जवळपास पाऊण मिमी वर चढते. ती पुलीतून जाताना बेल्टला अचानक जास्त वाट चालावी लागते, तो ताणला जातो आणि मोटरला हिसका देतो. ज्या सॉला मोटर मागे बिजागरीवर लोंबकळत असते आणि तिच्याच वजनाने बेल्ट ताणलेला राहतो, तिथे हा हिसका मोटरला अक्षरशः नाचवतो. अशा मशीनवर चांगल्या बेल्टने पडणारा फरक सगळ्यात मोठा असतो. तीन बेल्टची, पक्क्या बैठकीची जड सॉ असेल तर बेल्ट बदलून फार चमत्कार होईल अशी आशा मी लावत नाही.

बाकीच्या खुणा डोळ्यांना दिसतात. बेल्ट उलटा वाकवला की दिसणाऱ्या भेगा, बाजूंवर आरशासारखी चकाकी, सुटलेले धागे. चकाकी म्हणजे बेल्ट घसरत होता. त्यावर राळ किंवा बेल्टचा स्प्रे मारून काम चालवणारे लोक आहेत. राळेवर धूळ चिकटते, तिचे गोळे होतात आणि नवा ठोका सुरू होतो.

कोणता बेल्ट आणायचा

जुन्या बेल्टवरचा नंबर वाचता आला तर उत्तम. 'ए ३५' यात 'ए' म्हणजे जाडीचा वर्ग आणि ३५ म्हणजे आतल्या बाजूची लांबी, इंचात. झेड वर्गाचा बेल्ट १० मिमी रुंद आणि ६ मिमी जाड, ए १३ बाय ८, बी १७ बाय ११, सी २२ बाय १४. ए च्या खाचेत बी घातला तर तो वर बाहेर राहतो. बी च्या खाचेत ए घातला तर तो फार खाली बसतो, आणि तळाला टेकला तर पाचरीसारखी पकड जाते आणि तो घसरत राहतो. 'एसपीझेड' किंवा 'एसपीए' लिहिलेले बेल्ट रुंदीला झेड आणि ए सारखेच दिसतात, पण जास्त खोल असतात. उथळ खाचेत ते तळाला लागतात, म्हणून खाचेची खोली मोजल्याशिवाय अदलाबदल नको.

नंबर पुसला असेल तर जुना बेल्ट मोजून नवा आणू नका, तो ताणलेला असतो. मशीन मोजा. दोन शाफ्टच्या केंद्रांमधल्या अंतराची दुप्पट, अधिक दोन्ही पुल्यांच्या व्यासांच्या बेरजेला १.५७ ने गुणून, अधिक व्यासांमधल्या फरकाचा वर्ग भागिले केंद्रांमधल्या अंतराची चौपट. आपल्या उदाहरणात ६०० अधिक ३१४ अधिक २, म्हणजे ९१६ मिमी. व्यास पुलीच्या काठाचा नाही, बेल्टची दोरी जिथून जाते तिथला धरायचा, तो काठापेक्षा थोडा कमी असतो. ही झाली बेल्टच्या मधल्या रेषेची लांबी. ए वर्गात आतली लांबी यापेक्षा ३६ मिमी कमी धरतात: ८८० मिमी, म्हणजे ३४.६ इंच. ए ३५ घेतला तर मोटर चार-साडेचार मिमी मागे बसेल, ए ३४ घेतला तर आठेक मिमी पुढे. मोटरच्या खाचेत कुठे जागा आहे ते बघून ठरवा. बेल्ट न ओढता चढेल इतकी जागा पुढे हवी आणि नंतर कधी ताण वाढवायला जास्त जागा मागे हवी.

आता प्रकार. साधा, कापड गुंडाळलेला व्ही बेल्ट मजबूत असतो, पण ताठ असतो. ए वर्गाच्या अशा बेल्टला ७५ मिमीच्या आसपासची पुली ही खालची मर्यादा समजतात, आणि छोट्या मशीनच्या मोटरवर सर्रास ५० मिमीची पुली दिसते. तिथे मी आतून दात पाडलेला, उघड्या बाजूंचा बेल्ट घालतो. नंबरात 'ए' च्या जागी 'एएक्स' असतं. तो लहान पुलीभोवती सहज वळतो, कमी तापतो आणि त्याच्या बाजू कापून काढलेल्या असल्यामुळे रुंदी एकसारखी असते. हादरा कमी करण्यासाठी माझी पहिली पसंती हाच.

दुसरा पर्याय कड्यांचा बेल्ट, एकात एक अडकवलेल्या कड्यांची साखळी. त्याला बाक बसत नाही, आणि लोंबत्या मोटरच्या सॉवर तो फार छान चालतो. त्याचा खरा उपयोग लेथवर: अखंड बेल्ट घालायचा तर कित्येक लेथांचा स्पिंडल बाहेर काढावा लागतो, कड्यांचा बेल्ट जागेवरच जोडता येतो. तो पुल्यांभोवती हाताने ओढून लांबी ठरवा, कड्या मोजा आणि दर २४ कड्यांमागे एक कमी करा, कारण तो चालू झाल्यावर ताणतो. जोडताना उलटा करून जोडणं सोपं जातं, पण चालवताना कड्यांच्या जिभा आत आणि बाण फिरण्याच्या दिशेला हवा. दोन्ही दिशांनी चालणाऱ्या लेथवर ज्या दिशेने जोराचा कट घेता त्या दिशेचा बाण धरा.

बारीक उभ्या रेघांचा चपटा बेल्ट असेल तर रेघा मोजा आणि लांबी तीच ठेवा, एवढंच. तो मुळातच मऊ चालतो. दातांचा टायमिंग बेल्ट हा वेगळा विषय, त्याला या लेखातला ताण लावू नका.

एका पुलीवर दोन-तीन बेल्ट असतील तर सगळे एकदम बदला, एकाच कंपनीचे. जुन्याबरोबर नवा घातला की सगळा भार नवाच ओढतो आणि जुना शेजारी फडफडत बसतो.

पुली

बेल्ट बाहेर आहे तोवर पुल्या तपासा. खाचेच्या बाजूवर सरळ पट्टीची कड तिरकी टेकवा. पट्टी आणि बाजू यांच्यामध्ये ०.८ मिमीपेक्षा जास्त खोलगा दिसला तर पुली बदलायची. खाचेचा तळ घासून चकचकीत झाला असेल तरी तेच. झिजलेल्या पुलीवर नवा बेल्ट घालणं म्हणजे बेल्ट वाया घालवणं.

मग डायल गेज (बारीक फरक दाखवणारा काट्याचा गेज) लावून पुली हाताने फिरवा, एकदा खाचेच्या बाजूवर आणि एकदा काठावर. डायल गेज नसेल तर खिळ्याचं टोक काठाजवळ पक्कं धरा आणि फट वाढते-घटते का बघा. ओतीव जस्ताच्या हलक्या पुल्या बऱ्याचदा आऊट असतात, म्हणजे डुगडुगत फिरतात. त्यांच्या जागी लेथवर घेतलेली बिडाची किंवा पोलादाची पुली बसवली की अनेकदा बेल्ट बदलण्यापेक्षा जास्त फरक पडतो.

पुली सरळ असूनही आऊट फिरत असेल तर भोक बघा. शाफ्ट १९ मिमीचा आणि भोक १९.१ चं असेल तर एकटा ग्रब स्क्रू (पुलीतून शाफ्टवर दाबणारा बिनडोक्याचा स्क्रू) आवळताच पुली ०.०५ मिमी एका बाजूला सरकते आणि गेजवर दुप्पट दिसते. एक स्क्रू चावीवर आणि दुसरा त्याच्याशी काटकोनात असेल तर पुली नीट बसते. सैल भोकाला कागद किंवा पत्रा घालून भरू नका. बुश (भोकात बसणारी बाही) घाला किंवा पुली बदला. काढताना पुलर वापरा. हातोडीने ठोकलं की धक्का बेअरिंगला बसतो.

खाचा कोरड्या फडक्याने आणि ताठ ब्रशने स्वच्छ करा. तेल लागलं असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करा.

बसवणं

स्क्रूड्रायव्हरने बेल्ट पुलीच्या काठावरून चढवायचा मोह आवरा. आतले दोर तुटतात, वरून काहीच दिसत नाही, आणि थोड्याच दिवसांत बेल्ट लांबतो किंवा पलटी खातो. मोटर पुढे सरकवा, बेल्ट हाताने सैलसर घाला. फिरवून बसवताना तळहाताने पुलीचा काठ ढकला, बेल्टभोवती बोटं वळवू नका. हाताने फिरवलेली पुलीसुद्धा बोट आत ओढते.

आता लाइन. लांब सरळ पट्टी दोन्ही पुल्यांच्या तोंडावर धरा. ती चार जागी टेकली पाहिजे: प्रत्येक पुलीच्या दोन्ही काठांवर. तीनच ठिकाणी टेकली तर एक पुली तिरकी आहे, दोन ठिकाणी टेकली आणि बाकी समांतर फट राहिली तर एक पुली आत-बाहेर आहे. दोन्ही पुल्यांचे काठ वेगळ्या जाडीचे असतील तर खाचेच्या मध्यापासून मोजा. पट्टी मशीनमध्ये शिरत नसेल तर ताणलेला दोरा चालतो. साधारण अर्ध्या अंशाच्या आत चूक चालते. ३०० मिमी अंतरात ती अडीच मिमी होते. मी निम्म्यावर आणल्याशिवाय सोडत नाही.

ताण देताना मोटर आणि बैठक यांच्यामध्ये लाकडी फळीचा तुकडा घालून रेटा. पंख्याच्या झाकणावर किंवा वायरच्या डब्यावर जोर लावू नका. दोन बोल्ट घट्ट केल्यावर मोटर हमखास जराशी वळते, म्हणून लाइन पुन्हा तपासा. हे दोन-तीनदा मागेपुढे करावंच लागतं.

ताण किती? दोन पुल्यांमधल्या मोकळ्या गाळ्याच्या मध्यावर बेल्ट दाबायचा. दर १०० मिमी गाळ्यामागे १.६ मिमी, म्हणजे ३०० मिमीच्या गाळ्यात पाच मिमी दबला पाहिजे. त्यासाठी ए वर्गाच्या बेल्टला, ७५ ते ९० मिमीच्या लहान पुलीवर, दीड ते अडीच किलो जोर लागावा. नव्या बेल्टला वरचा आकडा, चालून बसलेल्याला खालचा. काट्याच्या तराजूने ओढून मोजा, 'अंगठ्याने दाबून बघ' या सल्ल्यात प्रत्येकाचा अंगठा वेगळा असतो. जास्त ताण दिल्यास बेअरिंग तापतं. कमी दिल्यास सैल बाजू फडफडते आणि सुरू होताना बेल्ट किंचाळतो. लोंबत्या मोटरला वजन पुरेसं असतं, तिथे वरून आणखी दाबून बोल्ट आवळू नका.

गार्ड लावा, पातं न बसवता पाच-दहा मिनिटं चालवा. नाणं पुन्हा उभं करा. ठोका गेला पण ठरावीक वेगाला गाळ्यात बेल्ट थरथरतोय असं दिसलं तर ताण किंचित बदला. बेल्टच्या मोकळ्या भागाचा स्वतःचा एक सूर असतो आणि तो मशीनच्या वेगाशी जुळला की असं होतं. मग प्लग काढून लहान पुलीला हात लावा. हात ठेववत नसेल इतकी तापली असेल तर बेल्ट घसरतोय.

नवा बेल्ट खाचेत बसतो आणि सैल होतो. २४ ते ४८ तास काम झाल्यावर ताण पुन्हा तपासलाच पाहिजे, कड्यांच्या बेल्टला त्याहून लवकर. बेल्टचा नंबर आणि तारीख गार्डच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. जादा बेल्ट खिळ्याला टांगू नका, तिथेच त्याला बाक बसतो. रुंद खुंटीवर किंवा रिकाम्या डब्यावर ठेवा. मशीन महिनोन्महिने बंद ठेवणार असाल तर मोटर सैल करून ठेवा. जुना बेल्ट मात्र लगेच कापून टाका, नाहीतर अडीनडीला कोणीतरी तोच पुन्हा चढवतो.